घरी मुलाचे वाचन कसे सुधारावे? गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी-डिचोलीकडच्या प्राथमिक शाळांत शिकवताना पालकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही पालकसभेत आले, काही बसची वाट बघताना, काही चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान निवडता निवडता. प्रश्न वेगवेगळे असले तरी काळजी बहुधा एकच असते: शाळेत मराठी, दारात कोकणी, मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी, आणि पुस्तक उघडले की मूल अडखळते. माझे सांगणेही बहुतेक वेळा एकच असते. घरी दुसरी शाळा भरवू नका. मुलाच्या शेजारी बसा आणि त्याला कळेल असे काहीतरी रोज थोडा वेळ त्याच्याबरोबर वाचा.

मुलगा दुसरीत आहे. त्याला खरोखर वाचता येते की नाही, हे घरी कसे ओळखायचे?

शाळेचे पुस्तक बाजूला ठेवा. त्यातले धडे मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. चित्र बघितले की पुढची ओळ तोंडात येते आणि आपल्याला वाटते, किती छान वाचतो. त्याने कधीच न पाहिलेले सोपे पुस्तक घ्या. आधी काही सुटी अक्षरे विचारा, मग दोन-तीन अक्षरी शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी छोटी गोष्ट. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या मुलांना याच चार पायऱ्यांवर तपासतात. मूल न थकता जिथपर्यंत जाते ती त्याची आजची पायरी, आणि घरचे वाचन तिथूनच सुरू करायचे. इयत्ता कोणती, हे त्या वेळी विसरा.

आकडे विचारणाऱ्यांसाठी सांगते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. यातले ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द सोडू नका. आणि घड्याळ लावून मुलासमोर बसू नका. तिसरी संपत आली तरी मूल या आकड्याच्या खूपच मागे असेल तर शिक्षिकेशी बोलायची वेळ झाली आहे, एवढ्यापुरताच या आकड्याचा घरी उपयोग.

आम्ही घरी कोकणी बोलतो. त्यामुळे मराठी वाचन कच्चे राहते का? घरी मराठी सुरू करावी का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरातली कोकणी बंद करू नका. मूल ज्या भाषेत हसते, भांडते, हट्ट करते, त्याच भाषेत ते विचार करायला शिकते. ती भाषा काढून घेतली तर त्याच्याकडे बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि बोलणे आटले की वाचनही आटते. शिवाय दोन्ही भाषांची लिपी देवनागरी. कोकणीतली बालकथा वाचताना झालेला सराव मराठी वाचताना जसाच्या तसा कामी येतो.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. मराठीत जे अक्षर लिहिलेले दिसते ते नेहमी अकारासकट उच्चारले जात नाही. ‘अडगळ’ लिहिताना चार अक्षरे, पण बोलताना अड्-गळ् असे दोनच ठोके. कुठला अ गिळायचा, याची खूण लिखाणात कुठेही नसते. ज्या मुलाने हा शब्द आधी ऐकला आहे ते अक्षरे जुळवता जुळवता मध्येच ओळखते: अरे, अडगळ! ज्याने ऐकलेला नाही ते अ, ड, ग, ळ म्हणून थांबते आणि तोंडाकडे बघत राहते. त्याला अक्षरे येतात, शब्दच ओळखीचा नसतो. कोकणी बोलणाऱ्या घरात असे शब्द जास्त निघतात.

यावर उपाय एकच, तो शब्द आधी कानावर पडायला हवा. म्हणून पुस्तक उघडल्यावर लगेच वाचायला लावू नका. चित्रे बघत गोष्ट कोकणीत बोलून घ्या: हें कोण, खंय वता, कित्याक रडटा (हे कोण, कुठे जातो, का रडतो). मग तीच गोष्ट तुम्ही मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. मुलाची पाळी त्यानंतर. वाचून झाल्यावरच्या गप्पा पुन्हा कोकणीत झाल्या तरी काही बिघडत नाही.

कधी असेही होते की पुस्तकात ‘पाणी’ छापलेले असते आणि मूल बिनधास्त ‘उदक’ वाचते. ओरडू नका. त्याला वाक्य कळले आहे, हे केवढे मोठे काम झाले! फक्त शब्दावर बोट ठेवून विचारा, ‘पहिले अक्षर कोणते आहे बघ.’ ते स्वतःच दुरुस्त करते.

रोज किती वेळ वाचन घ्यावे?

पहिली-दुसरीला दहा मिनिटे, तिसरी-चौथीला पंधरा-वीस. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे कितीतरी जास्त देतात. बऱ्याच घरांत तिन्हीसांजेला दिवा लावल्यावरची वेळ सोयीची पडते. आई-वडील हॉटेलात किंवा कारखान्यात पाळीवर असतील तर सकाळची वेळ धरा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई मुलाकडून वसूल करू नका.

शेजारी बसून नक्की करायचे काय?

पुस्तक मुलाला निवडू द्या. ते दोघांना दिसेल असे मध्ये धरा. सुरुवातीला दोघांनी एकदम मोठ्याने वाचायचे, तुमचा वेग मुलाच्या वेगाला धरून. मुलाला वाटले की आता मी एकटा वाचतो, तर त्याने तुमच्या हाताला टिचकी मारायची. तुम्ही लगेच गप्प. ते अडखळले तर मनात चार-पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. तेवढ्यात जमले नाही तर शब्द सांगून टाका, मुलाला तो एकदा म्हणू द्या आणि पुन्हा दोघे मिळून पुढे चला, पुढच्या टिचकीपर्यंत. बस, एवढेच.

यात ‘परत वाच, नीट बघ, काल तर सांगितले होते’ याला जागा नाही. थांबण्याचा भाग पालकांना सर्वांत कठीण जातो. मुलाच्या ओठांवर शब्द येत असतो आणि आपण तो हिसकावून घेतो. दुसरे टोक म्हणजे एका शब्दासाठी मिनिटभर ताटकळत ठेवायचे. तोवर वाक्याचा धागा सुटतो आणि मुलाला पुस्तकाची भीती बसते.

तेच पान दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला मुलांना आवडते. ‘हे झाले की’ म्हणून थांबवू नका. ओघ येतो तो अशा पुन्हा वाचण्यातूनच.

बाराखडी घडाघडा म्हणते, पण शब्द वाचता येत नाही. असे का?

कारण बाराखडी गाण्यासारखी पाठ झाली आहे. क, का, कि, की ही चाल तोंडात बसलेली असते. मधूनच ‘कु’ दाखवला तर मूल पुन्हा ‘क’पासून सुरू करते.

सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत शब्दांची वाट बघू नका. पाच-सात अक्षरे आणि एक-दोन खुणा घ्या. म, स, क, ब, र, न, ळ आणि काना एवढ्यावरच मासा, बस, काम, रस, नारळ, काका, सरळ, काळा असे कितीतरी शब्द होतात. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर अक्षरे लिहून मुलाला ती सरकवू द्या. ‘मासा’तला ‘मा’ काढून ‘सा’पुढे ‘र’ लावला की काय होते, ‘नारळ’मधला ‘ना’ काढला की काय उरते, असे खेळताना अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की बसते. पुढच्या आठवड्यात नवी तीन अक्षरे आणि वेलांटी.

पहिल्या वेलांटीशी मात्र सावकाश. ‘दिवा’ वाचताना डोळ्याला वेलांटीची काठी आधी दिसते आणि उच्चार मात्र ‘द’चा आधी होतो. मुलाला सरळ सांगा: अक्षर आधी, खूण नंतर. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्के झाल्यावर, काही दिवसांनी दुसरे. आणि ‘ख’ बघून मूल ‘रव’ म्हणाले तर त्याच्या डोळ्यांना दाद द्या, ते बारकाईने बघते आहे.

जोडाक्षर आले की गाडी अडते. काय करावे?

तोंडात आधीच असलेले शब्द घ्या. गोव्यातली गावा-तालुक्यांची नावे यासाठी फार कामाची. वास्को, म्हापसा, सत्तरी, कुंकळ्ळी, म्हार्दोळ ही नावे मुलाने शंभरदा ऐकलेली असतात, त्यामुळे अक्षर नवीन असले तरी शब्द नवीन नसतो. कागदाच्या पट्ट्यांवर नावे लिहा आणि कंडक्टर-प्रवासी खेळा. प्रवाशाने पट्टी वाचल्याशिवाय बस सुटायची नाही. त्यानंतर घरातले शब्द: पुस्तक, दप्तर, चष्मा, कुत्रा, रस्ता.

‘र’ची रूपे वेगळी काढून शिकवावी लागतात, कारण तो चार ठिकाणी चार वेषांत येतो: चक्र, राष्ट्र, सर्प, दऱ्या. त्यातला रफार सर्वांत फसवा. ‘सर्प’मध्ये तो ‘प’च्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण उच्चार ‘प’च्या आधी. ‘प’ बोटाने झाकून ‘सर्’ म्हणायला लावा, मग बोट काढा. चौथीतल्या मुलांना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून द्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फरक कळला की त्यांना फार मजा वाटते.

भरभर वाचते, पण काय वाचले ते सांगता येत नाही.

अशा मुलाला वाचन म्हणजे आवाज काढणे वाटू लागलेले असते. शाळेत मोठ्याने आणि न चुकता वाचणाऱ्याला शाबासकी मिळते, त्यातून ही सवय लागते. घरी वेग कमी करा. वाचण्याआधी मुखपृष्ठ बघून ‘यात काय असेल?’ विचारा. मध्येच थांबून ‘आता तो काय करील?’ विचारा. शेवटी ‘तू असतास तर?’ एवढे पुरे. धड्याखालच्या स्वाध्यायासारखे ‘कोठे, कोणी, केव्हा’ विचारायला लागलात की त्याची परीक्षा होते आणि मूल तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधू लागते.

घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय काही नाही. वाचायला काय द्यावे?

पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, आणि तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. कामासाठी पणजीला जाणे होतेच, मुलाला एकदा घेऊन जा. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी वाचनालये आहेत, काही पंचायतींचीही आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके स्वस्त असतात आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके देखणी. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांतल्या गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. चौथीतल्या मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघते आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत.

पुस्तक झेपेल का, हे बघायचा साधा उपाय: एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्दांना मूल अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचे.

पण गोव्यातल्या घरात पुस्तकाबाहेरही मराठी खूप आहे, आणि तिकडे आपले लक्ष जात नाही. चवथीला आरत्यांचे पुस्तक घरोघर निघते. आरती मुलाला पाठ असते, म्हणून ते म्हणत असताना ओळीवर बोट फिरवायला लावा. याला वाचन म्हणता येणार नाही, पण तोंडातला आवाज आणि कागदावरचे अक्षर यांची भेट होते. मध्येच ‘या ओळीत देव कुठे आहे, दाखव’ म्हणा, मुले शोधून काढतात. आरत्यांची भाषा जुनी आणि जोडाक्षरांनी भरलेली असते, त्यामुळे नवा मजकूर म्हणून वाचायला मात्र देऊ नका.

आणि नाटक! जत्रेला, शिगम्याला, सप्ताहाला गावोगावी मराठी नाटक होते आणि दर दुसऱ्या घरात कोणीतरी तोंडाला रंग लावणारा असतो. तालमीच्या दिवसांत बाबा किंवा काका नक्कल, म्हणजे आपल्या पात्राचे लिहून घेतलेले संवाद, पाठ करत बसलेले असतात. मुलाला समोर बसवा आणि दुसऱ्या पात्राचे संवाद त्याला वाचायला सांगा. एकच प्रवेश रोज वाचला जातो, आवाजात चढउतार आपोआप येतात, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाचनाची मोठ्या माणसाला खरीच गरज असते. ज्या घरांनी हे केले त्या मुलांचे वाचन वर्गात ओळखू येई, इतका फरक पडलेला मी पाहिला आहे. संवाद मुलाच्या वयाला शोभतील असे आहेत ना, एवढे आधी बघा.

आम्ही फारसे शिकलेलो नाही. आजीला तर वाचताच येत नाही. मग घरी कोण घेणार?

ऐकणारा हवा, शिकवणारा नाही. आजीने शेजारी बसून ‘पुढे काय झाले गो?’ विचारले तरी मुलाला वाचायला कारण मिळते. आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने सांगायची, घरातल्या कोणीतरी चार ओळींत लिहून काढायची आणि मुलाने ती आजीला वाचून दाखवायची. शब्द ओळखीचे, माणसे ओळखीची, म्हणून वाचणे सोपे जाते. थोरला भाऊ किंवा बहीण असेल तर उत्तम. पपा बोटीवर किंवा आखातात असतील तर व्हिडिओ कॉलवर रोज अर्धे पान त्यांना वाचून दाखवायला लावा. त्यांना काही सुधारायला सांगू नका, नुसते ऐकू द्या.

मोबाइलवरची वाचनाची ॲप चालतील का?

तुम्ही शेजारी असाल तर चालतील. एकट्याच्या हाती दिलेला मोबाइल पाच मिनिटांत गोष्टीवरून रील्सवर जातो. आणि गोष्ट ऐकवणारे व्हिडिओ ऐकण्यासाठी चांगले असले तरी ते वाचन नाही.

ट्यूशन लावावी का?

वाचनासाठी नको. बहुतेक ट्यूशनमध्ये दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ पूर्ण होतो, मुलाने मोठ्याने वाचायची पाळी क्वचित येते.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी वाचायला घरी शिकवता येईल का?

नक्की येईल, आणि तिला वाटते त्यापेक्षा लवकर जमेल. अक्षरे जोडून शब्द होतो, हे मर्म तिला इंग्रजीतून कळलेलेच आहे. शिवाय देवनागरीत एका खुणेचा आवाज बहुतेक तोच राहतो. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार, जसे ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला च, एवढे सांगावे लागते. वर सांगितलेल्या अक्षरगटांनी सुरुवात करा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून देऊ नका, त्या कुबडीची सवय लागते. आणि आधी रोज वाचून दाखवा. मराठी कानावर पडली नसेल तर अक्षरे येऊनही ‘अडगळ’ तिथेच अडणार.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अंगभूत अडचण, असेल अशी शंका कधी घ्यावी?

पहिलीतले मूल अक्षरे उलटी लिहिते, घ-ध गोंधळते, यात घाबरण्यासारखे काही नाही. सराव होत जातो तसे बहुतेकांचे ते सुटते. आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचे न दिसणाऱ्या किंवा कानात सतत मळ-पाणी होणाऱ्या मुलाला वर्षभर ‘ढ’ ठरवले जाते आणि चष्मा किंवा औषध मिळताच ते वाचू लागते. शाळेत आरोग्य पथक येते तेव्हा आपली शंका शिक्षिकेमार्फत आवर्जून कळवा.

काळजी कधी करायची? घरी महिनोन्‌महिने नीट, प्रेमाने वाचन घेतले, मूल बोलण्यात हुशार आहे, गोष्ट ऐकून सगळी सांगते, तरी तिसरीत एकेक अक्षर लावतच वाचते. आज आलेला शब्द उद्या पुन्हा अनोळखी होतो. काने-मात्रे सतत गळतात. घरात आणखी कोणाला अशीच अडचण होती. असे असेल तर वाट बघत बसू नका. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्थेत, शिकण्यातल्या अडचणींची तपासणी होते. नावाला बिचकून काही पालक जात नाहीत आणि मुलाची मोलाची वर्षे वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अडचणीची नोंद आहे. दाखला साधारण आठ वर्षांनंतर मिळतो आणि त्यावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. मदत मात्र दाखल्याआधीच सुरू करायची असते.

तोवर त्याला भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव’ म्हणू नका.

शिक्षिकेला भेटल्यावर काय विचारू? ‘अभ्यास कसा आहे’ म्हटले की ‘बरा आहे’ एवढेच उत्तर येते.

प्रश्न नेमका विचारा. न पाहिलेला मजकूर तो कुठपर्यंत वाचतो, शब्द, परिच्छेद की गोष्ट? कोणत्या जोडाक्षरांवर अडतो? वर्गात मोठ्याने वाचायची पाळी त्याला कधी मिळते? शाळेच्या कपाटातले एखादे गोष्टीचे पुस्तक शुक्रवारी घरी नेता येईल का? गोव्यातल्या कितीतरी लहान शाळांत एकच शिक्षिका सगळे वर्ग सांभाळते, तिला प्रत्येक मुलाजवळ रोज बसणे जमत नाही. म्हणून तुम्ही घरी काय करता तेही तिला सांगा. वहीच्या मागच्या पानावर पुस्तकाचे नाव, वाचलेली पाने आणि अडलेले दोन-चार शब्द लिहून ठेवलेत तर ती ते पान बघून पुढचे काय द्यायचे ते लगेच सांगू शकेल.